पाण्यावर गेलेल्यांच्या पाट्या

"तुम्ही जपानमध्ये काय करत होतात?" असं कोणी विचारलं, की उत्तर त्यांच्या डोक्यात आधीच तयार असतं. इंग्रजी शिकवत असणार, नाहीतर जपानी बायकांना पुऱ्या लाटायला शिकवत असणार. मी म्हणते, "गळ विकत होते." मग विषय हवापाण्यावर जातो.

पुण्याला परतल्यावर मी एका शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं काढली आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या अठरा वर्षांवर कोणी लेख मागितला नाही. मागितला असता तरी मी काय लिहिलं असतं, हा प्रश्नच आहे. गळांच्या दुकानात मी होते जेमतेम तीन वर्षं. पण मार्च संपत आला आणि पुण्यात तलखी सुरू झाली, की मला अजून त्या दुकानाच्या दारातला ओल्या लाकडाचा गार वास येतो आणि दिवसभर कशात मन लागत नाही.

नव्वदच्या दशकात माझा नवरा विनय त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत पिकांच्या रोगांवर काम करायला गेला आणि त्याच्यामागून मी गेले. त्सुकुबा हे शास्त्रज्ञांसाठी आखून बांधलेलं गाव. रस्ते रुंद, झाडं रांगेत, आणि सकाळी नऊनंतर माणूस दिसायची मारामार. विनय सायकलवरून संस्थेत जायचा, मुलगी शाळेत. मी घरी बसून कचऱ्याचं वर्गीकरण करायचे. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्यांची झाकणं वेगळी. सहा महिन्यांत मी त्यात इतकी तरबेज झाले की माझी मलाच काळजी वाटायला लागली.

आमच्या जपानीच्या वर्गातल्या बाईंनी एक जाहिरात दाखवली. उत्तरेला डोंगरात, गाडीने पाऊण तासावर, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात बाइतोला, म्हणजे अर्धवेळ कामाला, माणूस हवा होता. काम बास माशाच्या काउंटरवर, अनुभवाची गरज नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना अशा कामासाठी परवानगी काढावी लागते, ती मी काढली आणि जुनी छोटी गाडी हाकत डोंगर चढले.

दुकानाचे मालक ओनुमा-सान वयाची साठी उलटलेले होते. बुटके, गळ्यात टॉवेल, पायात छातीपर्यंत येणारी रबरी विजार. त्यांनी मला तीनच प्रश्न विचारले.

"मासे खाता का?"

"खाते. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे माशाशिवाय पान हलत नाही."

"पकडता?"

"नाही. आमच्याकडे पुरुष पकडतात, बायका विकतात."

"मग उद्यापासून येता?"

दुकान एका पुलाच्या तोंडाशी होतं. समोर नदी, आणि मागे अर्ध्या मैलावर छोट्या धरणाचा तलाव. त्यामुळे दुकानाला दोन काउंटर होते. उजवीकडचा नदीचा. नदीत यामामे नावाचा डोंगरी ट्राउट मिळतो. वीतभर लांब, अंगावर कुणी बोटं टेकवून उठवल्यासारखे निळसर ठसे. तो धरायला एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मुभा, एरवी नदी बंद. नदी गावातल्या मच्छीमार संघाच्या ताब्यात. संघ दर वसंतात त्यात टँकरने मासे सोडतो, आणि धरणाऱ्याने रोजचं तिकीट काढून ते टोपीला लावायचं असतं. ही तिकिटं ओनुमा-सान द्यायचे. शिवाय फ्रिजमध्ये गांडुळांचे डबे आणि आमिषाला लावायची सॅमन माशाची केशरी अंडी. हे सगळं त्यांचं राज्य.

डावीकडचा काउंटर तलावाचा. तलावात बास हा परदेशी मासा. त्याला गांडूळ लागत नाही, रंगीत नकली आमिष लागतं, ज्याला ल्युअर म्हणतात. त्या दशकात जपानी पोरांना बासचं वेड लागलं होतं. वसंतात बास अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतो आणि नर त्या घरट्यावर पहारा देतो. तेव्हा शनिवार-रविवारी आमच्या सगळ्या होड्या पहाटेच भाड्याने जायच्या. हा काउंटर माझा. परदेशी माशाच्या काउंटरला परदेशी बाई, अशी गिऱ्हाइकं चेष्टा करायची. ओनुमा-सान मात्र चुकूनही त्या बाजूला पाऊल टाकायचे नाहीत. ल्युअरची खोकी आली तर तीही दारातच ठेवायचे, मी येऊन उचलेपर्यंत. मला वाटायचं, म्हाताऱ्याची जुनी खोड असेल.

सुरुवातीला मला त्या बासवाल्यांचं कोडं उलगडेना. पहाटे चारला उठायचं, थंडीत कुडकुडत दिवसभर होडीत बसायचं, मासा धरायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा! वेंगुर्ल्याला कुणी सुरमई धरून परत सोडली असती, तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडे नेला असता.

पण रंगांचं काम मला जमलं. ल्युअरवर छापलेली रंगांची नावं मला वाचता यायची नाहीत. मग मी पाणी बघून सांगायचे, साडीवर ब्लाउजपीस काढून द्यावा तसं. पाणी गढूळ असलं तर आमसुली. आभाळ भरलेलं असलं तर मोरपंखी. स्वच्छ ऊन असलं तर काहीतरी फिकट, बिनभपक्याचं. एका पोराला आमसुलीवर हातभर बास लागला आणि माझी दुकानदारी सुरू झाली. पोरं दारातूनच विचारायची, "शैला-सान, आज आमुसुरी का?" मी गंभीर चेहऱ्याने काचेतून पाणी बघायचे. मला माशांतलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आज पहिल्यांदा लेखी कबूल करते आहे.

आता पाट्यांबद्दल. दोन काउंटरच्या मधल्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती, आणि प्रत्येक खिळ्याला बोटभर रुंद लाकडी पाटी. प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाची स्वतःची पाटी, तिच्यावर ओनुमा-साननी ब्रशने लिहिलेलं नाव. एका बाजूला काळ्या अक्षरात, दुसऱ्या बाजूला लाल. पाण्यावर जाताना माणसाने आपली पाटी लाल बाजूला फिरवायची. परत आला की काउंटरशी येऊन "आगारिमाश्ता" म्हणायचं, म्हणजे पाण्यावरून वर आलो, आणि पाटी काळी करायची. परस्पर दुसऱ्या वाटेने गेलात तर फोन करून तेवढा एक शब्द सांगायचा. भिंतीवर एक जरी पाटी लाल असली तरी शटर खाली ओढायचं नाही, हा ओनुमा-सानचा नियम. सगळ्या काळ्या झाल्या की ते मोठ्याने म्हणायचे, "सगळे आले." मग दुकान बंद.

पहिल्याच संध्याकाळी ते "सगळे आले" म्हणाले आणि शटरला हात घातला, तेव्हा माझं लक्ष गेलं. शेवटच्या खिळ्यावरची पाटी लाल होती. मी ओरडलेच. "एक राहिला! पोलिसांना फोन करू या!" फोन उचललासुद्धा. ओनुमा-साननी तो माझ्या हातातून काढून जागेवर ठेवला.

"तो लांब गेलाय," ते म्हणाले. "त्याच्यासाठी थांबायचं नाही."

हा नियम उगीच नाही, हे मला दुसऱ्या वसंतात कळलं. नागाई-सान नावाचे एक दंतवैद्य दर बुधवारी यायचे. थर्मामीटरने पाण्याचं तापमान मोजून वहीत लिहायचे, आणि तीन वर्षांत त्यांनी एकही मासा धरलेला मी पाहिला नाही. एका दुपारी तलावावर अचानक वारा सुटला. पाचपर्यंत सगळे परतले, नागाई-सानची पाटी लाल. ओनुमा-साननी मोटरची होडी काढली. पलीकडच्या काठाला, मोडकं वल्हं हातात धरून लव्हाळ्यांच्या बेटात अडकलेले नागाई-सान सापडले. ओठ निळे पडलेले. शेगडीशी बसून चहा पिताना त्यांनी पहिलं काय केलं, तर उठून आपली पाटी काळी केली.

त्याच संध्याकाळी ओनुमा-सान होडी बांधायला गेले असताना मी त्यांना त्या शेवटच्या पाटीबद्दल विचारलं. मालकांना विचारायची माझी छाती नव्हती.

नागाई-साननी आवाज खाली आणला. ती पाटी तेत्सुयाची, ओनुमा-सानच्या एकुलत्या एका मुलाची. आई लहानपणीच गेली, बापाने नदीकाठीच वाढवला. बावीस वर्षांचा असताना त्याला बासचा नाद लागला. एका वसंतात त्याने दूरच्या मोठ्या सरोवरातून बादलीभर बास आणले आणि गुपचूप इथल्या तलावात सोडले. असं करायला सक्त मनाई होती. तलावात पूर्वी वाकासागी नावाचे चांदीसारखे बारके मासे होते, हिवाळ्यात सगळं गाव ते धरायचं. दोन वर्षांत बासनी त्यांचा फडशा पाडला. संघाच्या सभेत चौकशी निघाली तेव्हा तेत्सुया स्वतः उठून म्हणाला, मी सोडले. ओनुमा-सान तेव्हा संघाचे पदाधिकारी. त्यांनी सगळ्यांसमोर जमिनीला कपाळ लावून माफी मागितली, पद सोडलं आणि घरी येऊन मुलाला म्हणाले, मला तोंड दाखवू नकोस. तो ओसाकाला निघून गेला. जाताना त्याची पाटी लालच होती, ती तशीच राहिली.

"आणि गंमत बघा," नागाई-सान म्हणाले, "नदीवर आता कोण येतं? म्हातारे. हे दुकान चालतंय ते त्या बासवर."

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. ज्या माशाने घर मोडलं तोच मासा दुकान चालवत होता, आणि बापाला त्याला हात लावायचा नव्हता. म्हणून डावीकडच्या काउंटरवर मी होते.

तिकिटांच्या पेटीमागे ओसाकाहून आलेली नववर्षाची पत्रं होती. दर वर्षाचं एक, छापील शुभेच्छा आणि पत्ता, बाकी अक्षर नाही. ओनुमा-सान उत्तर देत नसत, पण पत्रं रबरबँड लावून नीट ठेवलेली. पार्सलं पाठवून पाठवून मला पत्ते वाचता येऊ लागले होते.

तिसऱ्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला विनयची ओसाकात एक परिषद होती. मीही गेले. तो परिषदेला गेल्यावर मी बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला आणि तेत्सुयाच्या घरी जाऊन उभी राहिले. न कळवता. आपल्याकडे यात काही विशेष नाही. इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं. जपानमध्ये सख्खी बहीणसुद्धा फोन केल्याशिवाय येत नाही, हे मला तोवर चांगलं माहीत होतं. तरी गेले.

एका धोबीखान्याच्या वर दोन खोल्या. दार उघडणारा माणूस तिशी ओलांडलेला, बापासारखाच बुटका, रविवारचा बनियनवर. मी सांगितलं, "मी तुमच्या वडिलांच्या दुकानात काम करते. बासच्या काउंटरवर."

"बाबा बास विकतात?"

"ते नाही. मी विकते."

तो हसला नाही. मला आत बसवलं, चहा केला. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी करत होता. कोपऱ्यात एक यामामेची लांब काठी उभी होती, तेल लावून पुसलेली. ओसाकाच्या त्या वस्तीत तिचा काय उपयोग होता, देव जाणे. लाडवाचा डबा त्याने दोन्ही हातांनी घेतला. मग आत जाऊन शर्ट घालून आला, कॉलर सारखी केली आणि विचारलं, "बाबांनी पाठवलं का?"

नाही म्हणायचं होतं. तोंडात आलंच होतं. पण त्याने शर्टाचं वरचं बटणही लावलं होतं, आणि मी म्हणाले, "हो. पहिल्या तारखेला नदी उघडते, तेव्हा ये म्हणालेत."

परतीच्या गाडीत विनयला सांगितलं, तर त्याने पेपर खाली ठेवला.

"शैला, धिस इज टू मच. हा त्यांचा प्रायव्हेट मॅटर आहे."

"घरातल्या भांडणात कुणीतरी शेजारीण पडतेच की."

"आपण शेजारी नाही आहोत, तू स्टाफ आहेस. आणि तो खरंच आला तर?"

तो विचार मी केलाच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ओनुमा-सानना आधी सांगून टाकावं म्हणून रोज ठरवायचे आणि रोज ल्युअर पुसत बसायचे.

पहिल्या तारखेला पहाटे चारपासून दुकानापुढे रांग लागली. सगळं खोरं माणसांनी भरून जातं त्या दिवशी. ओनुमा-सान तिकिटावर शिक्का मारायचे आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचे, "वरच्या पुलाच्या पुढे बर्फाचं पाणी आहे. जपून." नऊच्या सुमाराला रांग ओसरली. शेवटी तेत्सुया उभा होता, ती काठी घेऊन. आत न शिरता, गिऱ्हाइकासारखा रांगेत.

ओनुमा-साननी मान वर न करता विचारलं, "नाव?"

त्याने नाव सांगितलं. शिक्क्याचा हात थांबला.

"कोणी बोलावलं?"

"तुम्हीच ना."

ओनुमा-साननी मान वळवून डावीकडच्या काउंटरकडे पाहिलं. मी आधीच लावलेले ल्युअर पुन्हा लावत होते आणि माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. आता हे म्हणणार, मी कुणाला बोलावलं नाही. आणि तो पोरगा सात वर्षांनी आलेला, सगळ्या गावादेखत परत फिरणार.

शिक्का पडल्याचा आवाज आला.

"वरच्या पुलाच्या पुढे बर्फाचं पाणी आहे," ओनुमा-सान म्हणाले. "जपून."

तेत्सुयाने तिकीट टोपीला लावलं. भिंतीपाशी गेला, सवयीने पाटीला हात घातला, पण ती लालच होती. फिरवण्यासारखं काही नव्हतं. तो तसाच निघून गेला.

संध्याकाळी साडेपाचला सगळ्या पाट्या काळ्या झाल्या, एक सोडून. सात वर्षं त्या एका लाल पाटीसकट शटर खाली आलं होतं. त्या दिवशी ओनुमा-सान "सगळे आले" म्हणाले नाहीत. गाडी घेऊन वरच्या पुलापर्यंत जाऊन आले. काठावर कुणी नव्हतं. अंधार पडत चालला होता आणि नदीचा आवाज वाढल्यासारखा वाटत होता. सात वर्षं पाण्यात पाय न घातलेला माणूस, वर बर्फाचं पाणी, आणि तो आला होता माझ्या थापेवर. मी विनयला फोन केला, की उशीर होईल, का ते विचारू नकोस. आणि चहा केला, दुसरं मला काय येत होतं?

"शैला-सान," कप हातात घेऊन ओनुमा-सान म्हणाले, "मी तुम्हाला ओसाकाला पाठवलं नव्हतं."

मी काउंटरला कपाळ लागेपर्यंत वाकले. "नव्हतं. चूक झाली. माफ करा."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घर कसं आहे त्याचं?"

मी सांगितलं. धोबीखाना, त्याची वर येणारी ऊब, दोन खोल्या, खिडकीतली कांद्याच्या पातीची कुंडी. त्यांनी विचारलं, स्वयंपाक स्वतः करतो का? वाटलं तरी, म्हटलं, भांडी घासलेली होती. बारीक झालाय का? तुमच्याएवढाच आहे. काठी कुठे ठेवलेली होती? कोपऱ्यात, तेल लावून. सगळं दोनदोनदा सांगून झालं.

"पुढच्या वेळी मला सांगून जा," ते म्हणाले.

पावणेआठला फोन वाजला. ओनुमा-साननी उचलून दुकानाचं नाव सांगितलं, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगतात तसं. पलीकडे स्टेशनातल्या घोषणा ऐकू येत होत्या. तेत्सुया टोकियोच्या उएनो स्टेशनात पोचला होता. वरच्या पुलावरूनच बस धरून परस्पर निघून गेला होता. दुकानात परत येऊन बापासमोर उभं राहायचं त्याला धैर्य झालं नव्हतं. पण पाटी लाल असताना शटर पडत नाही, हे त्याला माहीत होतं. मला फोनमधून तो एकच शब्द स्पष्ट ऐकू आला. आगारिमाश्ता.

"हं," ओनुमा-सान म्हणाले. "मिळाला का?" आणि मग, "एक? सोडलास? यामामे सोडायचा नसतो, खायचा असतो. पुढच्या वर्षी भाजून दाखवतो."

फोन ठेवून ते भिंतीपाशी गेले आणि पाटी उलटली. बाकीच्यांची काळी अक्षरं उन्हाने विटली होती. याची आजच लिहिल्यासारखी होती.

"सगळे आले," ते म्हणाले. शटर खाली ओढायला मी मदत केली, कारण त्यांना ते ओढवेना.

पुढच्या वर्षी तेत्सुया येणार होता, पण मी नव्हते. जपानमध्ये सगळं मार्चअखेरीला संपतं, तसा विनयचा करारही संपला. विमान एकतीस मार्चचं आणि नदी उघडणार दुसऱ्या दिवशी. एका दिवसाने माझा वसंत चुकला, ही चुटपुट अजून गेलेली नाही.

तीस तारखेला निरोप घ्यायला गेले, तर ओनुमा-सान नदीत मासे सोडत होते. त्यांनी एक बादली माझ्या हातात दिली. मी ती पाण्याशी तिरकी केली. यामामे क्षणभर माझ्या हाताशी घोटाळले आणि गेले. वर आल्यावर निघायचं होतं. आपल्याकडे "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणायचं. तोंडाला बसलेली सवय ती. मी तेच जपानीत म्हणून बसले, "ओनुमा-सान, मी येते."

"कधी?" त्यांनी विचारलं.

आता यावर काय सांगणार? आमची रीत समजावून सांगण्याइतकं माझं जपानी पक्कं नव्हतं. म्हटलं, "लवकर."

त्यांनी मान डोलावली आणि खणातून एक कोरी पाटी काढली. "तुमच्या अक्षरात नाव लिहा." मी ब्रशने एका बाजूला काळ्या आणि एका बाजूला लाल रंगात "शैला" लिहिलं, दोन्हीकडे शिरोरेघ वाकडी. त्यांनी तेत्सुयाच्या शेजारी नवा खिळा ठोकला आणि पाटी लटकवली. लाल बाजू पुढे करून.

"पाण्यावर गेलात," ते म्हणाले.

मी हसले. गाडीत बसल्यावर मात्र पहिल्या वळणापर्यंतसुद्धा दम निघाला नाही.

परत जायचं राहूनच गेलं. आधी पुण्यात घर बसवायचं होतं, मग सासूबाईंचं दुखणं, मग विनयची बायपास, आता माझे गुडघे. कारणं सगळी खरी आहेत आणि तरी ती सांगताना मला लाज वाटते. दर जानेवारीला पत्र येतं. आधी ओनुमा-सानचं यायचं, नंतर तेत्सुयाचं अक्षर आलं. लिफ्टची नोकरी सोडून तो दुकानात परतला होता आणि दोन्ही काउंटर तोच सांभाळत होता. काही वर्षांनी त्याने लिहिलं, "बाबा गेले. त्यांची पाटी मी काळी केली. शेवटची काही वर्षं ते संध्याकाळी ‘सगळे आले’ म्हणत नसत. ‘एक सोडून सगळे आले’ म्हणत."

ते पत्र मी विनयला दाखवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसले.

यंदाच्या पत्राबरोबर फोटो होता. ल्युअरच्या एका खणावर जपानी अक्षरांत "आमुसुरी" अशी चिठ्ठी. आणि ती भिंत. सगळ्या पाट्या काळ्या, शेवटची माझी लाल, विटून अबोलीच्या रंगाची झालेली. खाली त्याने लिहिलं होतं, "शैला-सान, गुडघ्यांचं कळलं. फोन केला तरी चालतो. नियम तुम्हाला माहीत आहे."

विनय म्हणाला, "करून टाक ना. बिचाऱ्याला किती ताटकळत ठेवणार आहेस?"

एप्रिलच्या पहिल्या तारखेला दुपारी दोनला मी फोन लावला. तिकडे साडेपाच, म्हणजे शटरची वेळ. एका शब्दाचं काम होतं. तो उठला असता, पाटी उलटली असती, आणि माझी काळी अक्षरं आज लिहिल्यासारखी निघाली असती. तेत्सुयाने उचलून दुकानाचं नाव सांगितलं, अगदी बापाच्या आवाजात. मागे कुणीतरी हसत होतं, रबरी बूट वाजत होते.

मी म्हटलं, "शैला बोलते."

तो थांबून राहिला. तो कशासाठी थांबलाय, ते मला माहीत होतं.

"पाणी कसं आहे?" मी विचारलं.

जरा वेळाने तो म्हणाला, "वरच्या पुलाच्या पुढे बर्फाचं पाणी आहे. जपून."

"हो," मी म्हटलं, "जपून असते," आणि फोन ठेवला. वर आले, असं मी काही म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.